शिखर राहिलं, आई-बाबा

मोशी, टांझानिया

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर मी ‘खाली आलो, सगळं छान’ एवढंच म्हटलं आणि आई, तू लगेच देवापुढे साखर ठेवायला उठलीस. मागून बाबांचा आवाज येत होता, ‘लेक किलिमांजारो चढून आली’ असं ते कुणाला तरी सांगत होते. तेव्हा पुढचं माझ्याच्याने बोलवलं नाही, म्हणून हे पत्र. मी शिखरावर पोचले नाही. उहुरू शिखर ५८९५ मीटरवर आहे आणि मी साधारण ५३०० मीटरवरून परत फिरले. खरं तर मला परत फिरवलं. आता मी ठणठणीत आहे. रात्रभर गाढ झोपले, सकाळी इथल्या डॉक्टरांनी तपासलं, काही काळजी नाही म्हणाले. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे बाकीचं तुम्ही शांतपणे वाचाल.

आम्ही माचामेच्या वाटेने गेलो, सात दिवसांचा बेत. जिथून चालायला सुरुवात होते ते माचामे गेटच सुमारे १८०० मीटरवर आहे. म्हणजे बाबा, आपली कळसूबाई (१६४६ मीटर) पायथ्याच्याही खाली राहिली. गेटवर वजनकाटा होता. एका पोर्टरने २० किलोंपेक्षा जास्त ओझं न्यायचं नाही असा नियम आहे, आणि प्रत्येक बोचकं काट्यावर चढत होतं. आम्ही पाच जण आणि आमच्यासाठी एकवीस माणसं! तंबू, गॅसचं सिलिंडर, अंड्यांचे ट्रे, आमच्या बॅगा, सगळं त्यांच्या डोक्यावर नाहीतर मानेवर. माझी बॅग काट्यावर ठेवली तेव्हा मला फार लाजल्यासारखं झालं. जास्तीचे बूट आणि दोन जीन्स मी तिथल्या तिथे काढून परत जाणाऱ्या गाडीत ठेवल्या.

पहिला दिवस दाट, ओल्या जंगलातला. आई, वाटेच्या कडेला मला तेरडा दिसला! आपल्या अंगणातला नाही, पण त्याच कुळातला. लाल-पिवळं चिमुकलं फूल, मागे शेपटीसारखं वळलेलं टोक. हा फक्त याच डोंगरावर उगवतो म्हणे. गौरीच्या दिवसांची इतकी आठवण आली की मी तिथेच थांबले आणि मागच्यांची वाट अडवली.

भाषेने मात्र मला रोज घरी नेलं. स्वाहिलीत बर्फाला बाराफू, हवेला हेवा, साबणाला सबुनी आणि चहाला चाय म्हणतात. वडिलांना बाबाच. पण दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ! त्यामुळे आठवडाभर सगळे मला ‘दादा, दादा’ म्हणून हाक मारत होते. आणि दिवसातून शंभर वेळा ऐकलेला शब्द म्हणजे ‘पोले पोले’, हळू हळू. आमचे मुख्य गाइड सगळ्यांत पुढे चालायचे आणि त्यांना ओलांडून जायचं नाही, ही पहिली अट. मी सिंहगड पाऊण तासात चढते, तुम्हाला माहीत आहे. इथे एक पाऊल टाकून श्वास घ्यायचा, मग दुसरं. उंचीशी जुळवून घ्यायला शरीराला दिवस लागतात, पायांत जोर असला तरी. म्हणून तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरपर्यंत, सुमारे ४६०० मीटरपर्यंत चढवलं आणि झोपायला पुन्हा ४००० मीटरच्या आसपास बारांकोला उतरवलं.

बारांकोला पोचेपर्यंत माझी भूक पूर्ण मेली होती. स्वयंपाक्याने मऊ भात करून दिला, त्यावर तुझं मेतकूट आणि थोडं तूप घातलं. आठवड्यात तेवढंच एक जेवण मला चवीने गेलं. तंबूबाहेर माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीची विचित्र झाडं होती, सेनेसिओ. त्यांची वाळलेली पानं गळून पडत नाहीत, खोडाला गोधडीसारखी गुंडाळून राहतात. हा भाग विषुववृत्ताला इतका जवळ आहे की तिथे रोज दिवसा उन्हाळा आणि रोज रात्री हिवाळा. रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत ती गोधडीच झाडाला वाचवते. पुढच्या दिवशी कारांगाच्या तळावरून वरचं बर्फ उन्हात चमकताना दिसलं. १९१२ पासून त्यातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त वितळून गेलंय. उरलेलं पाहताना आजारी माणसाला भेटायला गेल्यासारखं वाटलं.

आता त्या रात्रीचं.

बाराफूच्या तळावरून (सुमारे ४६७० मीटर) आम्ही रात्री बारा वाजता निघालो. पुढेमागे डोक्यावरच्या दिव्यांची रांग, पायाखाली घसरती खडी, पाण्याची नळी अर्ध्या तासात गोठली. तीनच्या सुमारास मला दोनदा उलटी झाली. ती मी लपवली. आई, हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण लपवली. मग माझा एक हातमोजा सापडेना. मी गाइडना सांगायला लागले की हातमोजा पडला, शोधा, थांबा. ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याशी मराठीत बोलत होते. आणि हातमोजा माझ्या हातातच होता.

त्यांनी मला उभं केलं आणि एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. दोन पावलं जमली, तिसऱ्याला मी त्यांच्या अंगावर कोसळले. विरळ हवेत कधी कधी मेंदूला सूज यायला लागते, तोल जातो, बोलणं भरकटतं, आणि त्यावर खरा इलाज एकच, ताबडतोब खाली उतरणं. ‘दादा, आपण खाली जाऊ,’ ते म्हणाले. मी भांडले. वर्षभर दर रविवारी केलेला सराव, साठवलेले पैसे, रजा, सगळं सांगितलं. रडलेसुद्धा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग खाली वाकून माझ्या दोन्ही काठ्या उचलल्या आणि त्यांची टोकं उताराकडे करून माझ्या हातात दिल्या.

बाबा, त्या क्षणी मला तुम्ही दिसलात. मी अकरा वर्षांची, जुलै महिना, बारी गावातून आपण निघालो होतो. वर धुकं, शिडीवरून पाण्याची धार, आणि छोटूचे ओठ निळे पडलेले. तुम्ही म्हणालात, ‘चला, मागे फिरा.’ मी किती आकांत केला होता! घोटी येईपर्यंत एसटीत मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यानंतरही किती वर्षं, घरी कुणी आलं की मी ऐकवायचे, ‘बाबा घाबरले म्हणून आमचं कळसूबाई राहिलं.’ तुम्ही कधीच काही बोलला नाहीत. छोटूचे ओठ निळे होते, हेसुद्धा तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत. आज मीच त्याची साक्षीदार आहे आणि मी ते इतकी वर्षं गाळून सांगत आले. मला माफ करा.

सहायक गाइडने माझ्या काखेत हात घालून मला उतरवलं. बाराफूला पोचलो तेव्हा मावेंझीच्या काळ्या सुळक्यांमागे आभाळ तांबूस व्हायला लागलं होतं. तिथेही थांबू दिलं नाही, थेट मिलेनियमच्या तळापर्यंत, सुमारे ३८०० मीटरपर्यंत नेलं. उतरता उतरता डोकं असं निवळत गेलं की मला माझाच नंबर, घरचा पत्ता, तुमच्या गोळ्यांच्या वेळा एकेक करून आठवायला लागल्या. मी त्या मोठ्याने म्हणत होते. सहायक गाइडला काही कळत नव्हतं, तरी तो प्रत्येकाला ‘हो, हो’ म्हणत होता.

माझी बॅग वाहणारे पोर्टर आमच्याआधी तिथे पोचून चहा घेऊन उभे होते. पन्नाशी ओलांडलेले, चाग्गा समाजातले, केळी आणि कॉफीची थोडी शेती असलेले. तरुण पोरं त्यांच्याजवळून जाताना मान लववून ‘शिकामू’ म्हणायची आणि ते ‘मराहाबा’ म्हणायचे. मी अर्थ विचारला. थोरांना करायचा नमस्कार आहे तो, मुळात ‘तुमचे पाय धरतो’ अशा अर्थाचा. मीही म्हटलं. ते हसले, ‘मराहाबा’ म्हणाले आणि माझ्या हातात चहाचा कप दिला.

दुपारी बाकीचे आले. चौघांपैकी तिघं उहुरूवर पोचले, एक त्याच्या अलीकडे, विवराच्या काठावरच्या स्टेला पॉइंटपर्यंत. दुसऱ्या दिवशी म्वेका गेटवर त्यांना प्रमाणपत्रं मिळाली, फोटो झाले. मी टाळ्या वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या, पण नंतर न्हाणीघरात जाऊन रडले. वाईट वाटलं, अजून वाटतंय. पुन्हा जाणार का, हे मात्र आत्ता विचारू नकोस आई.

शनिवारी पोचते. तुझ्यासाठी इथलीच कॉफी घेतलीय, याच डोंगराच्या उतारावरची. बाबा, काल ज्यांना ज्यांना सांगितलंत, त्यांना खरं काय ते सांगून टाका. आणि एक आठवून ठेवा. त्या दिवशी आपण कितव्या शिडीवरून फिरलो होतो? मला दुसरी आठवते, छोटू तिसरी म्हणतो.

शिकामू.

तुमची लेक