बोर्डावर पत्ता कशाला पाहिजे होता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बोलण्याला मर्यादा हवी की नको, यावर गेले काही दिवस आपल्या दैनिकात वाचकांची पत्रं येत आहेत. काहींचं म्हणणं, शब्दच तर आहेत, ऐकून सोडून द्यावेत. काहींचं म्हणणं, भावना दुखावणाऱ्याला सरळ आत टाकावं. मला दोन्ही पटत नाही. शिवाजी पेठेत माझा छापखाना आहे. वडिलांनी तो खिळ्यांवर, म्हणजे शिशाची एकेक अक्षरं जुळवून, सुरू केला, आता निम्मं काम फ्लेक्सचं आहे. दुसऱ्यांचे शब्द रोज माझ्या हाताखालून जातात, म्हणून चार ओळी लिहितो.

जून 2023 मधला तो आठवडा कोल्हापूरकर विसरले नसतील. काही पोरांनी मोबाईलवर ठेवलेल्या स्टेटसवरून वातावरण तापलं, 7 तारखेला बंदची हाक आली, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद झालं. त्याच आठवड्यात एका रात्री शटर अर्धं ओढलेलं असताना चार पोरं आत आली. त्यातला एक माझ्या मित्राचा मुलगा, लहानपणापासून मला काका म्हणणारा. त्यानं मोबाईल पुढं केला. दहा बाय चारचा फ्लेक्स हवा होता, सकाळी सहाच्या आत. वरच्या दोन ओळी घोषणेच्या होत्या. त्या मला आवडल्या नाहीत, पण तशा ओळी मी पूर्वी छापल्या आहेत, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या ओळीत मात्र एका टेलरच्या दुकानाचं नाव होतं, खाली गल्ली, आणि कंसात खूण म्हणून शेजारच्या पिठाच्या गिरणीचं नाव.

मी विचारलं, "या टेलरनं काय केलंय?"

"त्यानं न्हाई, त्याच्या भाच्यानं स्टेटस ठेवलं होतं म्हणत्यात."

"मग भाच्याची तक्रार पोलिसात द्या की. बोर्डावर दुकानाचा पत्ता कशाला पाहिजे?"

त्यावर तो म्हणाला, "काका, तुमी फकस्त छापा. बोलायचं स्वातंत्र्य हाय का न्हाई आमास्नी?"

मी छापलं नाही. त्यांनी दुसरीकडून छापून घेतलं आणि सकाळी बोर्ड चौकात लागला. तो टेलर माझ्या ओळखीचा, माझ्या दोन्ही मुलांचे शाळेचे गणवेश त्याच्याच हातचे. दोन आठवडे त्याचं शटर खाली होतं.

त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री नीट देता आलं नाही, ते आज देतो. बोलायचं स्वातंत्र्य आहे, आणि ते घटनेच्या 19 व्या कलमात लिहिलेलं आहे. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात मर्यादाही लिहिल्या आहेत: देशाची अखंडता आणि सुरक्षा, परराष्ट्रांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. ही यादी एकदा शांतपणे वाचा. तिच्यात 'भावना दुखावणे' हे शब्द नाहीत. हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीनं धर्माचा अपमान करण्याविरुद्धचं कलम वेगळं आहे, ते इंग्रजांच्या काळात 1927 साली आलं आणि आज भारतीय न्याय संहितेत 299 व्या क्रमांकावर आहे. पण त्यातही हेतू दाखवावा लागतो. मला राग आला एवढं सांगून भागत नाही.

2012 साली पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. एकीनं पोस्ट लिहिली होती, दुसरीनं ती नुसती लाईक केली होती. त्या प्रकरणानंतर इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66अ कलमाला आव्हान दिलं गेलं आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं. निकालात तीन पायऱ्या वेगळ्या केल्या आहेत: चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं. पहिल्या दोन पायऱ्यांवर माणूस कितीही टोचणारं बोलला तरी त्याला हात लावायचा नाही, कायद्यानं तिसऱ्या पायरीवर यायचं. माझ्या साध्या समजुतीप्रमाणे त्या फ्लेक्सच्या पहिल्या दोन ओळी फार तर दुसऱ्या पायरीवर होत्या. त्या वातावरणात तिसरी ओळ मत राहिलीच नव्हती. ती गर्दीला दिलेली वाट होती, गिरणीच्या खुणेसकट.

या निकालाच्या जेमतेम महिनाभर आधी आपल्याच गावात काय झालं होतं? 16 फेब्रुवारीच्या सकाळी फिरायला गेलेल्या कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि 20 तारखेला पानसरे गेले. त्यांच्या हातात पुस्तक आणि भाषण याखेरीज काही नव्हतं. त्यांचं बोलणं अनेकांना खटकायचं. वडिलांचे आणि त्यांचे वाद मी स्वतः ऐकलेत, चहा गार होईपर्यंत चालायचे. ज्यांच्या भावना दुखावतात त्यांनी असंच वाद घालावेत, वाट्टेल तेवढे घालावेत. म्हणून 'शब्दांनी इजा होते, तेव्हा मर्यादा घाला' असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुणाच्या शब्दांना? खड्ड्यांवरून प्रशासनाला जाब विचारणारा एक फ्लेक्स मी छापला होता, त्यात कुणाचं नावही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन गाड्या दारात उभ्या. म्हणे आमच्या साहेबांच्या भावना दुखावल्या, बोर्ड उतरवून घ्या. बोर्ड ज्यांचा होता त्यांनी तो उतरवला नाही. पण ती दिवाळी जवळ होती आणि त्या गटाची शुभेच्छापत्रांची मोठी ऑर्डर माझ्या हातची गेली.

शब्द आणि इजा यांचा हिशेब आपल्या गावाला नवा नाही. 1882 साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते, ते कोल्हापूरमुळंच. चौथ्या शिवाजी महाराजांना वेडं ठरवून त्यांचा छळ चालला आहे अशी बातमी होती. संस्थानचे कारभारी बर्वे यांच्या नावची पत्रं पुढं आली आणि 'केसरी', 'मराठा'नं तोफ डागली. बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला. पत्रं बनावट निघाली आणि दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. आपण शाळेत हा प्रसंग त्यागाचा म्हणून शिकतो, तो आहेच. पण एका जिवंत माणसावर खोट्या कागदांच्या आधारे आरोप छापले गेले होते, हेही तितकंच खरं. बर्व्यांना कोर्टात जायचा हक्क होताच.

आणि तरीही छळाचा प्रश्न खोटा नव्हता. दोघे 26 ऑक्टोबर 1882 ला सुटले. त्यानंतर चौदा महिन्यांनी, 25 डिसेंबर 1883 रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. तेव्हा ते जेमतेम विशीचे होते. खटल्याच्या धाकानं सगळेच छापखाने गप्प बसले असते तर त्यांच्यासाठी एक ओळही कुणी लिहिली नसती. त्याच्या थोडं आधी, 1878 च्या कायद्यानं इंग्रज सरकार देशी भाषेतल्या पत्रांच्या मुद्रकांकडून जामीन लिहून घेऊ शकत होतं. इंग्रजी पत्रांना ही अट नव्हती. पुढं व्हाइसरॉय रिपननं तो कायदा रद्द केला. आज कुणी म्हणालं की फ्लेक्सचा मजकूर आधी पोलिसांना दाखवून मग छापा, तर त्यालाही माझा विरोध राहील. छापल्यावर मजकुराची जबाबदारी माझी आणि लिहिणाऱ्याची, पण छापण्याआधी परवानगीसाठी दारात उभं राहणार नाही.

मग शब्दांची इजा होत नाही का? होते. मी डोळ्यांनी पाहिली आहे.

मी दहावीत असताना आमच्याकडे एक कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारे, होते, सगळे त्यांना मामा म्हणत. नजर मजकुरावर असायची आणि बोटं आपोआप नेमक्या खणात जायची. एका स्मरणिकेचं काम चाललं होतं आणि मामांचा हात मध्येच थांबला. डाव्या हातात खिळे लावायची स्टिक, अंगठा शेवटच्या खिळ्यावर. मजकुरात एक म्हण होती, आणि मूर्खपणाचा दाखला म्हणून त्या म्हणीत मामांच्या जातीचं नाव होतं. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतःच्या जातीचं नाव एकेक खिळा उचलून लावलं आणि पुढची ओळ घेतली. संध्याकाळी प्रूफ वाचताना वडिलांच्या ते लक्षात आलं. तसेच सायकल काढून ते लेखकाकडं गेले. लेखक निवृत्त शिक्षक होते, भले गृहस्थ. त्यांचा चेहरा पडला, म्हणाले, "आयुष्यभर ही म्हण वापरली हो, पण कधी लक्षातच आलं नाही." दुसऱ्या दिवशी मामांनी ती ओळ मोडली आणि खिळे परत खणात टाकले.

यात पोलीस कुठंच नव्हते, आणि नकोच होते. लेखकाच्या मनात वाईट नव्हतं, त्याला नुसतं दाखवून द्यावं लागलं. पण तीच जात चारचौघांत, माणसाला खाली पाडायला, तोंडावर फेकली जाते तेव्हा 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा तिथं हवाच. मामांच्या अंगठ्याखालचा तो खिळा पाहिलेला असल्यामुळं या कायद्याला 'बोलण्यावरचं बंधन' म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही.

आता आमच्या गावाच्या कारभाराबद्दल. 28 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की द्वेष पसरवणाऱ्या भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न पाहता गुन्हा नोंदवा. कोल्हापूर पेटलं ते त्यानंतर सव्वा महिन्यानं. स्टेटस ठेवणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. पण चौकातला तो बोर्ड दोन दिवस तसाच होता आणि येणारा-जाणारा प्रत्येक खाकी गणवेश त्याच्याखालून गेला. चार-दोन पोरांच्या स्टेटसपायी अख्ख्या जिल्ह्याचं इंटरनेट मात्र बंद. माझं काम ईमेलवर येतं, ते थांबलं त्याचं काही नाही. पण घाबरलेल्या माणसाला 'मी ठीक आहे' एवढा मेसेजही पाठवता आला नाही. सगळ्यांचं तोंड बंद करायला हुकूम लगेच निघतो. ज्या एका ओळीवर कारवाई व्हायला हवी होती, तिथं मात्र कुणी शिडी लावली नाही.

पोलीस अधीक्षकांना आणि महापालिकेला माझी विनंती एवढीच आहे. टीका, टिंगल, इतिहासावरचं वेगळं मत, नेत्यावरचा राग, यांत पडू नका. कुणाचंही घर, दुकान, गल्ली, फोटो दाखवून जमावाला बोलावणारा मजकूर दिसला, मग तो फ्लेक्सवर असो, मोबाईलवर असो की मंचावरून असो, तर त्याच तासाला उतरवा आणि गुन्हा नोंदवा. बोलावणारा कुठल्या धर्माचा, कुठल्या पक्षाचा, कुठल्या तालमीचा, हे विचारू नका.

जुलै उजाडल्यावर तो टेलर माझ्याकडं आला. बिलबुकं संपली होती, नवी करायची होती. जुना नमुना त्यानं टेबलावर ठेवला, वर दुकानाचं नाव, खाली गल्ली, गिरणीची खूण, सगळं होतं. पेन मागून घेतलं आणि पत्त्याच्या ओळीवर आडवी रेघ मारली. म्हणाला, "हे नको, नुसता मोबाईल नंबर टाका."

आपला,
एक मुद्रक
शिवाजी पेठ, कोल्हापूर