फ्रान्समधलं खेड्यातलं घर: पैसे भरण्याआधी

मा. संपादक,

फ्रान्सच्या खेड्यात स्वयंपाकघरासकट अख्खं घर भाड्याने मिळतं. त्याला 'झीत' म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये ते बहुधा शनिवार ते शनिवारच देतात. विमानाची तिकिटं आधी काढली, तर मधल्या रात्री हॉटेलवर काढाव्या लागतात.

खरी मेख करारातल्या एका शब्दात आहे. आगाऊ रकमेला 'आर' म्हटलं असेल, तर तुम्ही माघार घेतल्यास ती बुडते. मालकाने माघार घेतली, तर त्याने ती दुप्पट परत करायची. 'आकोंत' लिहिलं असेल, तर दोघेही बांधील. तुम्ही गेला नाहीत तरी मालक पूर्ण भाडं मागू शकतो. फ्रान्सला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतो, अर्ज मात्र प्रवासाच्या फार तर 6 महिने आधी करता येतो. म्हणून व्हिसा नाकारल्यास पैसे परत, ही अट लेखी घ्या. तोंडी 'हो' काही कामाचं नाही.

जाहिरातीतल्या भाड्यात चादरी, टॉवेल, शेवटची साफसफाई आणि पर्यटन कर धरलेला नसतो, असं बरेचदा होतं. अनामत वेगळी. पोचल्यावर सामानाच्या यादीवर सही करण्याआधी कपबशा मोजा, फुटका टवका दिसला तर फोटो काढा.

शेगडी इंडक्शनची असेल तर घरून नेलेला ॲल्युमिनियमचा कुकर ढिम्म तापणार नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते इथेच बघा. आणि वाणसामान शनिवारीच भरा: रविवारी दुपारनंतर खेड्यात दूधही मिळणं मुश्कील.

– एक वाचक, पुणे