स्टंपवरच्या सहीबद्दल विन्याला

दादर, मुंबई
१५ जून

प्रिय विन्या,

स. न. वि. वि.

तुझ्या दिवाळीतल्या पत्राला मी जूनमध्ये उत्तर लिहीत आहे. याबद्दल जे काही ऐकवायचे असेल ते फोनवर ऐकव, पत्रात लिहू नकोस, कारण तुझी पत्रे आमच्याकडे मोठ्याने वाचली जातात. माझी साखर आटोक्यात आहे, गुडघा आहे तसाच आहे, हिचा खोकला गेला. आता मुद्द्यावर येतो. मुद्दा वानखेडेवरच्या १९९१ च्या रणजी अंतिम सामन्यातल्या, म्हणजे मुंबई हरियाणाकडून दोन धावांनी हरली त्या सामन्यातल्या, आपल्या स्टंपचा आहे.

होय, 'आपल्या' असेच लिहिले आहे. १९९१ पासून आजवर मी तो शब्द कधी तोंडातून काढला नाही, तेव्हा हा कागद जपून ठेव.

येत्या रविवारी भाच्याच्या कार्यालयात समारंभ आहे आणि त्याला त्या दिवशी मुंबईच्या अकरांत असलेले एक गृहस्थ पाहुणे म्हणून येणार आहेत. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर वहिनी उद्या सकाळपर्यंत ते अख्ख्या बडोद्यात पोहोचवतील. भाच्याने परस्पर ठरवून टाकले की मामाचा स्टंप न्यायचा, त्यावर पाहुण्यांची सही घ्यायची आणि मग तो काचेच्या पेटीत घालून बाहेरच्या खोलीत लावायचा. मी जेवता जेवता 'बरे' म्हणून मोकळा झालो. त्या 'बरे'ला आज नऊ दिवस झाले आणि तेव्हापासून मला धड झोप नाही.

तू म्हणशील, सही घ्यायला काय हरकत आहे? मलाही आधी तसेच वाटले होते. म्हणून गेल्या मंगळवारी मी शोकेसमधला स्टंप खाली काढला, ओल्या फडक्याने पुसला आणि सही कुठे बसेल ते पाहू लागलो. पाहता पाहता आठवले की नानामामांनी तो आणून दिला त्याच रात्री तू कंपासपेटीतल्या कर्कटकाने त्यावर आपल्या नावाचे अक्षर कोरले होतेस, आणि त्या पराक्रमापायी मी तुझ्याशी गणपतीपर्यंत बोललो नव्हतो. बेल्स बसवायच्या खाचेच्या खाली, चार बोटांवर. मी चष्मा लावून पाहिले, उन्हात नेऊन पाहिले, शेवटी हिच्याकडचे भिंग आणून पाहिले. विन्या, त्या स्टंपवर तुझे अक्षर नाही.

पुढचे तुला समजले असेलच. परळची खोली सोडली तेव्हा माळ्यावर तीन स्टंप होते: दोन आपल्या गल्लीच्या संघाचे, वर्गणी काढून धोबीतलावला घेतलेले, आणि तिसरा वानखेडेचा. सामान हलवण्याच्या गडबडीत मी त्यातला सर्वांत सरळ, गुळगुळीत आणि चेंडूचा तांबडा डाग असलेला स्टंप 'हाच तो' म्हणून उचलला आणि उरलेले दोन आईच्या हवाली केले. आईने त्यातला एक तुळशीला आधार म्हणून कुंडीत रोवला. आई गेली, तुळशी बदलत गेल्या, पण काठी कोणी हलवली नाही. मंगळवारी दुपारी मी ती उपटली, धुतली, आणि खाचेखाली चार बोटांवर तुझा 'व' निघाला. वेलांटी द्यायचे तुझ्या जिवावर आले होते म्हणून नुसताच 'व'.

म्हणजे गेली वीस वर्षे मी येणाऱ्याजाणाऱ्याला जो स्टंप दाखवून चौथ्या डावाची कहाणी सांगितली, तो तुमच्या समोरच्या गॅलरीतल्या काकूंची खिडकी फोडणाऱ्या संघाचा होता. आणि ज्याच्या बाजूने ३५५ पैकी ३५२ धावा झाल्या तो रोज सकाळी हळदकुंकू लावून घेत होता. हे मी अजून घरात कोणाला सांगितलेले नाही. आधी तुला सांगतो आहे.

भाच्याला मात्र अर्धवट सांगावे लागले, कारण बाल्कनीत चिखल झाला होता. त्याने दोन्ही स्टंप शेजारी शेजारी ठेवले आणि अगदी शांतपणे म्हणाला, "मामा, सही त्या चकचकीतवर घेऊ. फोटोत चांगला दिसेल." मी त्याच्याकडे नुसता पाहत राहिलो. माझा चेहरा पाहून त्याने दुसरा मार्ग सुचवला: खरा स्टंप पॉलिश पेपरने घासायचा, हळद काढायची, तो 'व'ही काढायचा, म्हणजे सहीला स्वच्छ जागा मिळेल. आणि 'व' ठेवायचाच असेल तर तो वानखेडेचा किंवा वेंगसरकरचा म्हणून सांगता येईल! तुझ्या कर्कटकाला एवढा मान मिळेल असे तुला कधी वाटले होते का?

त्याला मूर्ख म्हणवत नाही, कारण त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्याने मला लिलावांचे किती आकडे ऐकवले! धोनीने २०११ च्या अंतिम सामन्यात ज्या बॅटने शेवटचा षटकार मारला ती त्याच वर्षी लंडनच्या एका धर्मादाय लिलावात एक लाख पौंडांना गेली. न्यूझीलंडच्या एजाज पटेलने डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच वानखेडेवर ११९ धावांत दहाच्या दहा बळी घेतले, आणि त्या सामन्यातला त्याचा शर्ट पुढे सहकाऱ्यांच्या सह्यांसह ऑकलंडच्या लहान मुलांच्या रुग्णालयासाठी लिलावात निघाला. भाच्याचे म्हणणे असे की सही नसलेला स्टंप ही काठी आहे आणि सही झाली की तो इतिहास होतो. मी त्याला म्हटले, एजाजच्या शर्टाला सही नसती तरी तो एजाजचाच शर्ट राहिला असता, कारण तो कोणी घातला होता हे जगाने पाहिले होते. आपल्या स्टंपचा साक्षीदार कोण? नानामामा जाऊन किती वर्षे झाली, आणि त्यांनीही दारात उभ्या उभ्या 'घ्या, कालचा आहे' एवढेच सांगितले होते. ते 'कालचा' सामन्याबद्दल होते की नेटमधल्या सरावाबद्दल, हे विचारायचे तुलाही सुचले नाही आणि मलाही नाही.

माझी खरी अडचण इथे आहे आणि ती भाच्याला पटवून देता येत नाही. पाहुणे भले गृहस्थ आहेत असे ऐकतो. समोर धरलेल्या वस्तूवर ते हसून सही करतील, जशी ते दिवसाकाठी पन्नास वस्तूंवर करत असतील. त्या सहीने सिद्ध काय होईल? त्यांनी या काठीवर सही केली एवढेच. पण पेटीसमोर उभा राहणारा माणूस तसे वाचणार नाही. तो असे वाचेल की त्यांनी ओळखून, आठवून, 'हाच तो स्टंप' म्हणून सही केली. माझ्या मनातली शंका मी त्यांच्या नावाने झाकल्यासारखे होईल, आणि ते मी त्यांना न सांगता केलेले असेल. चकचकीत स्टंपवर सही घेतली तर सरळ सरळ खोटे, त्याबद्दल बोलायलाच नको. पण तुळशीतल्यावर घेतली तरी मला जेवढे ठाऊक आहे त्यापेक्षा जास्त बोलणारी वस्तू मी भिंतीवर लावीन.

धोनी जिंकल्यावर स्टंप उचलून नेत असे, आठवते? त्याने एकदा सांगितले होते की कोणता स्टंप कोणत्या सामन्यातला याची खूण त्याने केलेली नाही, आणि निवृत्तीनंतर जुनी चित्रणे पाहून, स्टंपवरच्या जाहिराती जुळवून, तो ते शोधून काढणार आहे. प्रत्यक्ष धोनीची ही गत, मग माझी कथा काय! आणि आपल्या स्टंपवर जाहिरातही नाही. आहे तो तुझा 'व'.

अमेरिकेत तर या सह्यांचा एवढा बाजार झाला की त्यांच्या एफबीआयला 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढावी लागली, आणि त्यात पकडलेल्या खोट्या मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉल निघाला. हे भाच्यानेच मला हसत हसत सांगितले आणि सांगून झाल्यावर पुन्हा विचारले, "मग रविवारी किती वाजता निघायचे?"

आता शाईचा प्रश्न. तो तुला क्षुल्लक वाटेल, पण मी त्यावर एक पूर्ण दुपार घालवली आहे. स्टंप अठ्ठावीस इंच उंच असला तरी जाडीला जेमतेम दीड इंच, त्यातून गोल. सही आडवी घेतली तर अर्धे नाव पाठीमागे जाते, म्हणून ती उभीच घ्यावी लागते. चकचकीतवर पॉलिश आहे, त्यावर मार्कर चालतो पण बोटाने घासला की पुसला जातो. तुळशीतल्याचे पॉलिश पावसाने केव्हाच गेले आहे. त्याच्या मागच्या बाजूला मी मार्करने एक टिंब देऊन पाहिले, तर शाई लाकडाच्या रेषा धरून वर-खाली पसरली आणि टिंबाचा सुरवंट झाला. सुंदर सहीचे काय होईल ते तूच पाहा. शिवाय ऊन. तुझ्या त्या छोट्या बॅटवर आपण जिमखान्याच्या दारात तीन तास उभे राहून घेतलेल्या सह्यांचे आज काय झाले आहे? तू ती खिडकीसमोर टांगलीस तेव्हाच मी सांगितले होते. तू म्हणालास, मी जळतो. मी जळत होतो हे खरे, पण सह्या उडाल्या हेही खरे.

आणि समज, शाई टिकली, स्टंपही खरा ठरला, तरी सही कोणाची हवी? न्यायाने पाहिले तर कपिल देवची, कारण करंडक हरियाणाने नेला आणि त्यांचा तो पहिलाच. आपल्या घरात ती सही लावण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही. मग आपल्या बाजूच्या माणसाची? विचार कर. सभागृहात हारतुरे चालले आहेत, बटाटेवडे फिरत आहेत, आणि एक अनोळखी म्हातारा त्या गृहस्थांच्या हातात दोन धावांनी हरलेल्या सामन्याचा स्टंप देऊन म्हणतो, यावर जरा सही करा. तू आणि मी नॉर्थ स्टँडमध्ये बसून ते पाहिले आहे. नुकती अठरा वर्षे पूर्ण झालेला सचिन ९६ वर गेला तेव्हा तू डोक्यावर रुमाल टाकलास तो शेवटपर्यंत काढला नाहीस. शेवटची जोडी खेळत असताना तुला चर्चगेटची गाडी सुचत होती आणि मी तुझा सदरा धरून ठेवला होता (सदऱ्याचे बटण मी तोडले हे आज कबूल करतो). कुरुविला धावचीत झाला, वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिला आणि रडला. आपण स्टेशनपर्यंत एक शब्द बोललो नाही. त्या दिवशी मैदानात असलेल्या माणसाला तो दिवस हातात देऊन वर पेन पुढे करायचे, हे माझ्याने होईलसे वाटत नाही.

म्हणून मी एक मधला मार्ग काढला आहे. स्टंप घरीच ठेवायचा. एका जाड कार्डावर माझ्या अक्षरात सामन्याचा पूर्ण धावफलक लिहायचा: हरियाणा ५२२ आणि २४२, मुंबई ४१० आणि ३५२. पाहुण्यांची मनःस्थिती बरी दिसली तर सही त्या कार्डावर मागायची, नाहीतर नुसता नमस्कार करून वडा खाऊन परत यायचे. कार्डावरची सही कोणत्याही लाकडाची ग्वाही देत नाही. भाचा म्हणतो, मग त्यात मजा काय? ही म्हणते, स्टंप परत कुंडीत रोवा, तुळस वाकली आहे.

पण स्टंप पेटीत जावो की कुंडीत, त्याच्याजवळ एक कागद असावा असे मला वाटते, आणि तो तू लिहावास. नानामामा कोणत्या दिवशी आले, काय म्हणाले, स्टंप कशात गुंडाळला होता (मला ओले गोणपाट आठवते, तुला नक्कीच दुसरे काहीतरी आठवत असेल), कर्कटक कोणाचे होते, हे सगळे तुला जसे आठवते तसे, माझ्याशी न जुळवता लिही. खाली तारीख घाल. जुळले नाही तरी चालेल, दोघांचेही कागद ठेवू.

तुझ्या मोतीबिंदूचे काय ठरले? डॉक्टर घाई नाही म्हणतात म्हणून तू वर्ष काढशील, तसे करू नकोस. धाकटीला नोकरी लागल्याचे हिच्याकडून कळले, फार बरे वाटले. पुण्यात खोली मिळायला अडचण आली तर कळव, हिची बहीण कोथरूडला आहे. घराचे रंगकाम उरकले असेलच. वहिनींना नमस्कार.

आता मूळ प्रश्न, आणि याचे उत्तर मला शनिवारच्या आत फोनवर हवे, पत्राची वाट पाहू नकोस. त्या रात्री वीज गेली होती. आपण मेणबत्तीच्या उजेडात होतो आणि तिन्ही स्टंप त्याच कोपऱ्यात उभे होते. विन्या, तू कर्कटक एकाच स्टंपवर चालवले होतेस ना? आणि तो मामांनी आणलेलाच होता, याची तुला खात्री आहे?

तुझा,
बाळू

ता. क. मागच्या बाजूचा सुरवंट स्पिरिटने निघतो का, ते वहिनींना विचार. त्यांना डाग काढण्यातले कळते.