चिमणरावांवर हसताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विनोदी लेखक चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-कथांवरील वाचकांची पत्रे आपल्या स्तंभात मी आवडीने वाचत आहे. त्यांत दोन सूर स्पष्ट दिसतात. काहींना या कथांत ‘पूर्वीचा निर्मळ, घरगुती विनोद’ आढळतो. तर काहींना तो कालबाह्य आणि विशेषतः काऊची, म्हणजे चिमणरावांच्या पत्नीची, थट्टा करणारा वाटतो. दोन्ही बाजू एका गोष्टीकडे दुर्लक्ष करत आहेत, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते, आणि ती म्हणजे या घराची हकिकत आपल्याला सांगतो कोण.

ती सांगतात स्वतः चिमणराव. पुण्यातला हा किरकोळ शरीरयष्टीचा कारकून आपली फजिती इतक्या गंभीरपणे आणि स्वतःची बाजू सावरत कथन करतो की, जे त्याला कळलेले नसते ते वाचकाला बरोबर कळते. काऊला तो नावे ठेवतो तेव्हा बहुधा शहाणपण तिच्याच बाजूला असते. काऊ, मोरू, राघू, मैना अशी पाखरांची नावे पाहून हे घर केवळ गोजिरवाणे आहे असे समजणाऱ्यांनी, त्या घरातला कर्ता पुरुष प्रतिष्ठेपायी काय काय करतो, हे पुन्हा एकदा वाचावे. तक्रार करणाऱ्यांचे मात्र एक म्हणणे मला मान्य आहे: अंगकाठीवरचे आणि बायकांच्या बोलण्यावरचे काही विनोद आज हसवत नाहीत, आणि नव्वद वर्षांपूर्वीच्या लेखनाबद्दल हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

‘निर्मळ घरगुती’ हा समज बराचसा दूरदर्शनमुळे झाला असावा. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई केंद्रावरून दिसलेली मालिका, दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे सोटाधारी गुंड्याभाऊ (चिमणरावांचे जोडीदार), हे माझ्या पिढीच्या आठवणीतून जाणे शक्य नाही. परंतु पडद्यावर चिमणराव आपल्याला बाहेरून दिसतात आणि कुटुंबातील सर्व माणसे सारखीच गमतीदार भासतात. पुस्तकात आपण त्यांच्याच चष्म्यातून पाहत असतो आणि तो चष्मा किती वाकडा आहे हे ओळखणे हे वाचकाचे काम असते. मालिका पाहून पुस्तकांविषयी मत देणाऱ्यांची या ठिकाणी गल्लत होते.

आणखी एक बाब बडोद्याचा रहिवासी म्हणून नोंदवतो. पुण्यातील मध्यमवर्गाची ही उलटतपासणी करणारे चिंवि बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. ते पाली भाषेचे अध्यापक होते आणि त्यांनी जातककथाही, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टीही, मराठीत आणल्या. पुणेरी घराकडे मायेने, तरीही जरा लांबून पाहण्याची जी दृष्टी ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ या त्यांच्या पुस्तकात दिसते, तिचे श्रेय मी या अंतराला देतो. (पुणेकर वाचकांना हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे.)

वाद मूळ लेखनावर व्हावा, यासाठी आपल्याला एक विनंती आहे. चिंविंचे निधन १९६३ साली झाले. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०२४ पासून सर्वांना खुले झाले आहे. आपण रविवारच्या पुरवणीत त्यांची एखादी कथा, प्रथम प्रकाशनाच्या वर्षासह, संपूर्ण छापावी. अनुस्वार आजच्या नियमांप्रमाणे करायला हरकत नाही. मात्र आज खटकतील म्हणून वाक्ये गाळू नयेत, कारण नेमक्या त्याच वाक्यांवर वाचकांचे मतभेद आहेत. पुढच्या पत्रांत मग निदान सर्वांसमोर एकच मजकूर असेल.

आपला,
एक मराठी वाचक, बडोदे