कौटुंबिक शिक्षणाचे कार्यक्रम घरापर्यंत पोहोचावेत

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पालकत्व, कौटुंबिक आरोग्य आणि निरोगी घर या विषयांवरील लोकशिक्षणाच्या कार्यक्रमांचे वृत्त वर्तमानपत्रांतून वरचेवर वाचायला मिळते. त्याचा साचा ठरलेला असतो: तज्ज्ञांचे व्याख्यान, महिलांचा मोठा प्रतिसाद, माहितीपत्रकांचे वाटप आणि समारोप. या कार्यक्रमांमागच्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र एका दुपारच्या व्याख्यानाने घरातले वागणे बदलते, या त्यामागील गृहीतकाला फारसा आधार नाही. आणि जे उपक्रम खरोखर परिणामकारक ठरले, त्यांची रचना याहून अगदी वेगळी होती, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

नेपाळमधील मकवानपूर जिल्ह्याचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. तेथे महिलांचे छोटे गट दर महिन्याला भेटत. गट चालवणारी व्यक्ती डॉक्टर किंवा परिचारिका नव्हती, तर त्याच परिसरातील, अल्प प्रशिक्षण घेतलेली एक स्त्री होती. तिने उपदेश करायचा नव्हता. चित्रे दाखवून बाळंतपणात आणि त्यानंतर कोणत्या अडचणी येतात हे तिने महिलांकडूनच काढून घ्यायचे, त्यांपैकी कोणत्या आधी सोडवायच्या हे त्यांनाच ठरवू द्यायचे आणि ठरलेले कितपत जमले हे पुढे त्यांच्यासोबतच तपासायचे, अशी पद्धत होती. या बैठकांतून अडीअडचणीसाठी सामायिक निधी उभे राहिले, रुग्णाला नेण्यासाठी स्ट्रेचरची सोय झाली, स्वच्छ प्रसूतीच्या साहित्याचे संच तयार होऊन वाटले गेले. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, असे गट नसलेल्या भागांच्या तुलनेत तेथील नवजात बालकांचे मृत्यू 30 टक्क्यांनी कमी होते. पुढे नेपाळ, भारत, बांगलादेश आणि मलावी येथील अशा सात चाचण्यांचा एकत्रित आढावा 2013 मध्ये घेण्यात आला. जेथे गर्भवतींपैकी किमान 30 टक्के स्त्रिया गटांत सहभागी झाल्या होत्या, तेथे नवजात मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे त्यात दिसले. सहभाग त्याहून कमी असलेल्या ठिकाणी असा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे पद्धत योग्य असली तरी ती पुरेशा घरांपर्यंत गेली पाहिजे. मोजक्या उत्साही मंडळींना पुन्हा पुन्हा बोलावून हे साधत नाही.

पालकत्वाच्या शिक्षणाचेही असेच आहे. जमैकातील किंग्स्टन शहरात 1986-87 मध्ये, वाढ खुंटलेल्या 129 बालकांवर झालेल्या अभ्यासात काही कुटुंबांकडे आरोग्य-सेविका दर आठवड्याला तासभर जात आणि दोन वर्षे जात राहिल्या. त्या आईला बसवून माहिती सांगत नसत. घरातल्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन त्या आईसोबत बाळाशी खेळत आणि पुढच्या भेटीपर्यंतचा खेळ आईच्या हाती देऊन जात. ही मुले साधारण 22 वर्षांची झाल्यावर पाहणी केली, तेव्हा ज्यांच्या घरी अशा भेटी झाल्या नव्हत्या त्यांच्यापेक्षा त्यांची कमाई सरासरी 25 टक्क्यांनी अधिक आढळली. खर्चिक साधनसामग्री त्यामागे नव्हती. एक प्रशिक्षित व्यक्ती नियमितपणे येत राहिली, एवढेच. पालकांच्या प्रशिक्षणावरील इतर अभ्यासांतूनही हेच पुढे आले आहे की, सत्रातच स्वतःच्या मुलासोबत सराव करून घेतला तर परिणाम अधिक चांगला होतो. ‘मुलांवर ओरडू नका’ हे ऐकून मान डोलावणे सोपे असते. दोन वर्षांचे मूल जमिनीवर लोळण घेऊन रडत असताना आवाज न चढवणे, ही सरावाची गोष्ट आहे.

निरोगी घराच्या बाबतीत तर हे फारच स्पष्टपणे दिसते. एका गटात मी पाहिलेला प्रसंग सांगतो. कार्यकर्तीने प्रत्येकाला कोरा कागद देऊन आपल्या घराचा नकाशा काढायला सांगितला आणि मग त्यावर औषधे, साफसफाईची द्रावणे, कात्री आणि जळती शेगडी कुठे असते तिथे फुल्या मारायला लावल्या. त्यानंतर रांगणाऱ्या बाळाचा हात जेथवर पोहोचतो तेवढ्या उंचीच्या जागा त्याच कागदावर रंगवायला सांगितल्या. एक आजोबा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले, कारण त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची फुली नेमकी रंगवलेल्या खणात आली होती. ‘औषधे मुलांपासून दूर ठेवा’ ही सूचना प्रत्येक डबीवर छापलेली असते आणि आजोबांनी ती अर्थातच वाचलेली होती.

अशाच पद्धतीने शिकवण्याजोग्या आणखी कितीतरी गोष्टी आहेत. 60 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याने प्रौढाची त्वचाही काही सेकंदांत खोलवर भाजते, तर 49 अंशांना त्यासाठी काही मिनिटे लागतात. बाळाची त्वचा पातळ असल्याने त्याच्या बाबतीत हा अवधी त्याहून कमी असतो. खेळण्यातली किंवा रिमोटमधली बटणासारखी चपटी बॅटरी मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते, त्यामुळे अशा वेळी वाट पाहण्यात अर्थ नसतो. बंद खोलीत शेगडी किंवा जनित्र चालवल्यास तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. जुना, पापुद्रे सुटलेला रंग शिसेयुक्त असू शकतो. त्याची धूळ कोरड्या झाडूने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी लागते, कारण शिशाचे बालकांसाठी सुरक्षित असे कोणतेही प्रमाण आढळलेले नाही. घरातील इंधनाच्या धुरामुळे 2020 साली जगभरात सुमारे 32 लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ही यादी व्याख्यानातून वाचून दाखवली तर पालथ्या घड्यावर पाणी ठरते. दर महिन्याला एकच विषय घेऊन तो घरात करून पाहिला आणि पुढच्या बैठकीत त्यावर बोलणे झाले, तर वर्षभरात निम्मे घर सुधारते.

येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. भिंतीतून झिरपणारी ओल, त्यावर वाढणारी बुरशी आणि त्यामुळे बळावणारा दमा यांचा दोष खिडक्या न उघडणाऱ्या गृहिणीच्या माथी मारून शिक्षणाचा कार्यक्रम मोकळा होऊ शकत नाही. भाड्याच्या घरातील गळकी नळवाहिनी दुरुस्त करणे घरमालकाचे काम असेल, तर तक्रार कशी लिहायची, कोणाकडे द्यायची आणि तिची पोच कशी घ्यायची, हेच त्या बैठकीत शिकवायला हवे. कौटुंबिक हिंसाचाराबाबत तर याहून काटेकोर राहावे लागेल. कुटुंब सावरण्याच्या नावाखाली मार खाणाऱ्या स्त्रीला समजुतीने घ्यायला सांगणारी कार्यकर्ती मदत करत नाही, उलट धोका वाढवते. अशा वेळी गटात चर्चा थांबवून त्या स्त्रीशी एकांतात, गोपनीयता राखून बोलायचे आणि तिच्या संमतीने तिला कायदेशीर व वैद्यकीय मदतीपर्यंत पोहोचवायचे, हे कार्यकर्तीच्या प्रशिक्षणातच असले पाहिजे.

आणखी एक उणीव म्हणजे बहुतेक निमंत्रणे केवळ आईला उद्देशून असतात. बाळाला कोण सांभाळते, औषध कोण आणते, घरात धूम्रपान कोण करते, दुरुस्तीचा खर्च कोण मंजूर करते, याची उत्तरे घरोघरी वेगळी असतात. त्यात वडील असतात, आजी-आजोबा असतात, कधी मोठी भावंडेही असतात. बैठक कामाच्या वेळेत ठेवायची आणि मग पुरुष येत नाहीत म्हणून हळहळायचे, हे आयोजकांना शोभत नाही.

या साऱ्याला पैसा लागतो आणि तो सभागृहापेक्षा माणसांवर खर्च व्हायला हवा. कार्यकर्तीला नियमित मानधन, वर्षातून ठरावीक उजळणी-प्रशिक्षण आणि अडचणीच्या प्रसंगी सल्ला देणारी अनुभवी व्यक्ती या तीन गोष्टी नसतील, तर उत्तम आखलेला उपक्रमही नव्याचे नऊ दिवस सरताच ढेपाळतो. ‘स्वयंसेवा’ हा गौरवाचा शब्द वापरून हे काम फुकटात करून घेण्याची सवय निधी देणाऱ्यांनी सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याला एक विनंती आहे. अशा कार्यक्रमाचे वृत्त छापताना, तोच गट पुन्हा कधी भेटणार आहे आणि तो कोण चालवणार आहे, हे दोन प्रश्न आपल्या वार्ताहरांनी आयोजकांना विचारावेत. शक्य झाल्यास सहा महिन्यांनी त्यांपैकी एखाद्या कार्यक्रमाचा पाठपुरावा करून, किती कुटुंबे टिकून राहिली आणि त्यांनी घरात नेमके काय बदलले, याचे वृत्त उद्घाटनाच्या बातमीइतकीच जागा देऊन प्रसिद्ध करावे.

आपला विश्वासू,
एक वाचक