निवृत्ती बाईचीही असते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या ३१ मे रोजी राज्यातल्या सरकारी कार्यालयांतून, शाळांतून आणि दवाखान्यांतून एकाच दिवशी कितीतरी जण निवृत्त होतील. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी अनेकांची जन्मतारीख सरसकट १ जून लिहिली, आणि जन्म १ तारखेचा असला की आदल्या महिन्याच्या अखेरीस सेवा संपते. माझेही तसेच. आई सांगायची, तू श्रावणातली. कागदावर १ जून. तीन वर्षांपूर्वी ३१ मे रोजी वॉर्डाची ओव्हर दिली, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरकडे काम सोपवले, आणि घरी आले. ३४ वर्षे परिचारिका होते, शेवटची काही वर्षे परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर.

सेवापूर्तीच्या समारंभात साडी-श्रीफळ झाले, ओटी भरली, आणि बोलायला उठलेला प्रत्येक जण म्हणाला, "आता घर, नातवंडे आणि आराम." यातला आराम बाईच्या वाट्याला सहसा येत नाही, हे मला पंधरा दिवसांत कळले. त्यासाठीच हे पत्र.

माझे यजमान शिक्षक. ते माझ्या दोन वर्षे आधी निवृत्त झाले. तेव्हा घरात सगळ्यांनाच वाटले की त्यांनी जन्मभर कष्ट केलेत, आता सकाळी निवांत पेपर वाचावा, चहा हातात मिळावा. मलाही तसेच वाटले होते. माझी वेळ आली तेव्हा जूनच्या पहिल्याच आठवड्यात घरातून सूचना आली, "आता तू घरीच आहेस, मग भांड्याला बाई कशाला?" कुणाच्या मनात वाईट नव्हते, म्हणूनच ते जास्त लागले. पुढच्याच महिन्यात पुण्याहून सुनेचा फोन आला, बाळाला पाळणाघरात ठेवायचे जिवावर येते म्हणून. मी गेले. नातवाचा लळा लागला, पण सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत मी एकटी त्याच्यामागे. वॉर्डात निदान आठवड्याची सुट्टी होती.

शरीरालाही निवृत्ती कळत नव्हती. ३४ वर्षांच्या दिवस-रात्रीच्या ड्युट्यांनी झोपेची घडी पार विस्कटलेली. रात्री दोनला जाग यायची, कुणाचे तरी इंजेक्शन राहिले असे वाटायचे, आणि अंधारात उठून बसायचे. हे किती जणींना होत असेल! त्याबद्दल निवृत्तीआधी आम्हाला कुणी एक शब्द सांगितला नव्हता. पेन्शनची प्रकरणे, सेवापुस्तकाची पडताळणी, अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेणे), रजा रोखीकरण यांची धावपळ मात्र सहा महिने आधीपासून चालू होती.

सहा महिन्यांनी मी कराडला परत आले आणि घरी सगळ्यांसमोर बोलले. यजमानांना म्हटले, "अहो, तुम्ही रिटायर झालात तशीच मीही झालेय." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी भांड्याच्या बाईंना पुन्हा कामाला या असा निरोप त्यांनीच पाठवला. सकाळचा चहा आता ते करतात. मुलाला सांगितले, वर्षातून दोनदा महिना-महिना येईन, हौसेने येईन, पण बाकीची सोय तुम्ही लावा. सून थोडी नाराज झाली. आज तीच म्हणते, "आई, तुम्ही येता तेव्हा खरंच आलात असं वाटतं."

पैशाचे बोलायला संकोच वाटतो, पण बोलते. वॉर्डातल्या औषधांचा साठा मी गोळीगोळीने मोजला, पण माझे एटीएम कार्ड आयुष्यभर यजमानांच्या पाकिटात. निवृत्तीची रक्कम आली तेव्हा तिच्यावर सगळ्यांच्या योजना तयार होत्या. मी त्यातला मोठा भाग पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, माझ्या नावावर ठेवला. साठी झाली नसली तरी वयाच्या ५५ नंतर निवृत्त झालेल्यांना हे खाते काढता येते. आता त्यासाठी पैसे हातात आल्यापासून ३ महिन्यांची मुदत असते. दर तिमाहीला व्याज येते. त्यातून एसटीचे अर्धे तिकीट काढून मी सांगली-मिरजेच्या मैत्रिणींकडे जाते. पहिल्यांदा स्वतः चेक लिहिला त्या दिवशी हात थरथरला होता.

मग शेजारपाजार. कुणीही कधीही दार वाजवी, "सिस्टर, जरा बीपी बघता का?" ते मला आवडायचे, पण त्यातही दिवस निघून जायचा. आता मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच ते सहा मी ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात बसते, बीपी बघायला. आधी पाच मिनिटे शांत बसायचे, पाय जमिनीला टेकलेले, हात छातीच्या उंचीवर, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही. एवढे पाळले तरी आकडा किती बदलतो हे पाहून लोक चकित होतात. मी त्यांना सगळी औषधे पिशवीत घालून आणायला सांगते. दोन डॉक्टरांनी दिलेली एकच गोळी, वेगवेगळ्या कंपनीची म्हणून रोज दोनदा घेणारे मला इथे भेटलेत. त्यांना चिठ्ठी लिहून देते, डॉक्टरांना दाखवा म्हणून. वॉर्डात इतका वेळ एका माणसाला कधी देता आला नव्हता.

झोपेची घडी वर्षभराने बसली. पहाटे कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर फिरायला जाते, एकटी. तो एक तास कुणाचाही नाही.

माझी विनंती कार्यालयप्रमुखांना आहे. निवृत्तीची कागदपत्रे करता त्या सहा महिन्यांत एकदा नवरा-बायको दोघांना समोर बसवा आणि घरातले काम कसे वाटून घेणार, पैसे कुणाच्या नावावर राहणार, हे विचारा. एका तासाचे काम आहे. आणि घरच्यांना विनंती, भांड्याच्या बाईंना येऊ नका असे सांगण्याआधी निवृत्त होणाऱ्या बाईला विचारा.

या ३१ मे रोजी माझ्या हाताखाली तयार झालेली एक सिस्टर निवृत्त होत आहे. परवा ती फोनवर म्हणाली, "मॅडम, एक तारखेला सकाळी उठून मी करू काय?" मी म्हटले, आधी झोप काढ. आठवडाभराने मंगळवारी पाचला केंद्रात ये, रजिस्टर लिहायला मला माणूस हवे आहे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, कराड