शिकलेली अरबी पुन्हा अलिफपासून शिकायची का? उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रीमहोदय,
उच्च व तंत्र शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडिलांची बदली झाली म्हणून दोन वर्षांनंतर मला विद्यापीठ बदलावे लागले. दोन्ही विद्यापीठे महाराष्ट्रातली, सरकारी, आणि दोघांनाही 2016 चा एकच महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा लागू आहे. पहिल्या ठिकाणी माझा मायनर, म्हणजे दुय्यम, विषय अरबी होता. चार सत्रांत मिळून 12 श्रेयांक (क्रेडिट) मी मिळवले. गुणपत्रिकेवर ते आहेत, माझ्या एबीसी, म्हणजे श्रेयांकांच्या सरकारी बँकेतल्या, खात्यात ते जमा दिसतात.

परवा नव्या विद्यापीठाच्या पात्रता विभागाचा मेल आला. पूर्वीच्या विद्यापीठातील अरबी भाषेचे श्रेयांक येथील अभ्यासक्रमाशी समकक्ष नसल्याने ग्राह्य धरता येत नाहीत, असे एका वाक्यात कळवले आहे. निर्णय कोणी घेतला, कशाच्या आधारावर घेतला, दाद कुठे मागायची, यातले काहीही त्यात नाही. प्रवेश घेताना याच कार्यालयाने मला सांगितले होते की एबीसीवर श्रेयांक असतील तर काळजी नको, ते आपोआप येतात. त्या भरवशावर मी प्रवेश घेतला.

खिडकीवर विचारल्यावर दोन पर्याय सांगितले गेले. एक, त्यांच्याकडे अरबीचा जो एकमेव प्राथमिक वर्ग चालतो, त्यात पहिल्या सत्रापासून बसायचे. दोन, मायनर बदलून दुसराच विषय घ्यायचा आणि मागचे सगळे बॅकलॉग म्हणून भरून काढायचे. दोन्हींत माझे वर्ष जाते.

साहेब, अरबीचा प्राथमिक वर्ग म्हणजे काय ते आपल्याला कोणी सांगितले नसेल, म्हणून सांगते. पहिले काही आठवडे 28 अक्षरे गिरवण्यात जातात. उजवीकडून डावीकडे लिहायचे, आणि बहुतेक अक्षरांचे रूप शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळे. मग एकवचन, अनेकवचन आणि त्यांच्या मधले द्विवचन. मग क्रियापदांची ठरलेली रूपे, जी पाठ करताना पहिल्या वर्षी माझ्या वर्गातली निम्मी मुले गळली. छापील मजकुरात ऱ्हस्व स्वर लिहिलेले नसतात, त्यामुळे व्याकरण येत असल्याशिवाय साधे वाक्यसुद्धा मोठ्याने धड वाचता येत नाही. मी आज अरबी वृत्तपत्रातली बातमी शब्दकोश जवळ ठेवून वाचते. अल जझीराच्या बातम्या ऐकताना धागा सुटत नाही. आणि मला सांगतात की अलिफ, बा, ता गिरवायला या.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या अधिकाऱ्यांना अरबी शिकवायला 88 आठवडे, म्हणजे 2200 तास देते. फ्रेंच किंवा स्पॅनिशला त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळ लागतो. इतक्या अवघड भाषेत मिळवलेला प्रत्येक तास किती मोलाचा असतो, आणि एक सत्र सराव तुटला तर किती मागे जायला होते, हे ज्याने ही भाषा शिकली आहे त्याला विचारा. नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क या श्रेयांकांच्या सरकारी नियमावलीप्रमाणे एक श्रेयांक म्हणजे 30 तासांचा अभ्यास. म्हणजे सरकारच्याच हिशेबाने माझे 360 तास एका मेलने रद्द झाले. ते तास मी घरच्या अडचणी सांभाळून काढले होते. आई आजारी होती त्या सत्रातही माझी हजेरी पूर्ण होती. रात्री सगळे झोपल्यावर मी क्रियापदे घोकायचे. त्या रात्री कोणत्या अभ्यासक्रमाशी समकक्ष ठरवायच्या?

आता हा निर्णय कसा झाला ते ऐका. नव्या विद्यापीठात अरबीचे स्वतंत्र अभ्यास मंडळ नाही, कारण नियमित प्राध्यापक नाहीत. त्यामुळे माझी फाइल परकीय भाषांच्या मंडळाकडे गेली. त्या मंडळावर अरबी वाचता येणारी एकही व्यक्ती नाही. त्यांनी दोन अभ्यासक्रमांची शीर्षके आणि कोर्स कोड शेजारी ठेवले, घटकांची नावे जुळवली आणि साम्य कमी भरले असे तोंडी सांगितले. साम्य कमी भरणारच. माझ्या पहिल्या विद्यापीठात व्याकरण आणि पाठ्यवाचनावर भर होता, इथे संभाषण आणि पत्रलेखनावर आहे. अरबीत हा फरक सगळीकडे आहे. कुठे जुन्या ग्रंथांची भाषा शिकवतात, कुठे आजची प्रमाण भाषा, कुठे आखाती देशांतली बोली. कागदावर सगळ्यांचे नाव ‘अरबी भाषा 1’. म्हणूनच या भाषेच्या बाबतीत कागदाला कागद लावून काहीही कळत नाही. विद्यार्थ्याला समोर बसवून एक उतारा वाचायला द्या, दहा वाक्ये लिहायला सांगा, पाच मिनिटे बोला. तासाभरात कळते की तो कोणत्या पातळीवर आहे. हे मला कोणी विचारलेच नाही.

अपवाद एकच. इथे प्राथमिक वर्ग घेणाऱ्या सरांनी माझी वही पाहिली, मला वाचायला लावले, आणि हिला हा वर्ग पुन्हा करायची गरज नाही असे लिहून दिले. कार्यालयाने तो कागद परत केला. सर तासिका तत्त्वावर आहेत, त्यांची सही चालत नाही. जो माणूस त्या विद्यापीठात अरबी शिकवतो, पेपर काढतो, तपासतो, त्याच्या सहीने विद्यार्थी पास होऊ शकतो. पण विद्यार्थ्याला अरबी येते हे सांगायला तीच सही अपुरी. हे वाचून आपल्याला राग येत नसेल तर या पत्राचा पुढचा भाग वाचूच नका.

29 जुलै 2020 ला राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाले. बरोबर एक वर्षाने, जुलै 2021 मध्ये, श्रेयांकांची बँक, एबीसी म्हणजे अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. विद्यार्थी कुठेही शिकेल, श्रेयांक खात्यात जमा होतील, 7 वर्षांपर्यंत टिकतील, एका विद्यापीठातून दुसऱ्यात जातील, असे देशभर सांगितले गेले. आम्ही मुलांनी आयडी काढले, आधार जोडले, डिजिलॉकर उघडले, मग अपार हा विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक आला तोही काढला. प्रत्येक वेळी महाविद्यालयाने तंबी दिली की आयडी नसेल तर निकाल राखून ठेवू. आम्ही आमची बाजू पूर्ण केली. आणि जेव्हा त्या खात्यातले श्रेयांक खरोखर वापरायची वेळ आली, तेव्हा कळले की ते स्वीकारायचे की नाही हे सर्वस्वी समोरच्या विद्यापीठावर आहे आणि नकार देताना कारण द्यायलाही ते बांधील नाही. ज्या बँकेतले पैसे पाहता येतात पण काढता येत नाहीत, तिच्यात कोणी खाते का उघडावे?

परदेशी संस्थांच्या पदव्यांना समकक्षता कशी द्यायची यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 मध्ये स्वतंत्र विनियम काढले. चांगले केले. मग एकाच राज्यातल्या, एकाच कायद्याखालच्या दोन विद्यापीठांत भाषेची पातळी कशी मोजायची याची ठरलेली पद्धत आम्हाला का नाही? युरोपात पदव्यांना मान्यता देण्याबाबतच्या 1997 च्या लिस्बन करारात हा प्रश्न सोडवला आहे. तिथे अर्ज नाकारणाऱ्या संस्थेने मोठा फरक दाखवून द्यायचा असतो, सिद्ध करण्याचा भार तिच्यावर असतो. आपल्याकडे सगळा भार विद्यार्थ्याच्या डोक्यावर. अभ्यासक्रमाच्या साक्षांकित प्रती आणा, पानापानावर जुन्या विद्यापीठाचा शिक्का आणा, स्थलांतर प्रमाणपत्र आणा. मी सगळे आणले. शेवटी त्यातले एक पानही कोणी उघडले नव्हते. फाइलची दोरी पहिल्यांदा सोडली गेली ती माझ्या समोरच.

काही लोक म्हणतील, अरबीच तर आहे, एवढे काय. हे मला खिडकीवर प्रत्यक्ष ऐकवले गेले. ‘मॅडम, फ्रेंच-जर्मन घेतलं असतं तर हा प्रश्नच आला नसता.’ त्या माणसाचा मला फार राग नाही, कारण हीच वृत्ती वरपर्यंत आहे. शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळांसाठी परकीय भाषांची उदाहरणे दिली आहेत. कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन. अरबी नाही. संयुक्त राष्ट्रांनी 1973 मध्ये अधिकृत केलेली भाषा, अरब लीगच्या 22 देशांची भाषा. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे 2023-24 मध्ये भारतात परदेशातून आलेल्या पैशांपैकी सुमारे 38 टक्के आखाती देशांतून आले, आणि देशात आलेल्या एकूण रकमेत सर्वांत मोठा वाटा, 20.5 टक्के, महाराष्ट्राचा होता. आखातात लाखो भारतीय परिचारिका, अभियंते, कामगार आहेत. करारनामे अरबीत, न्यायालये अरबीत, पोलीस ठाण्यातला जबाब अरबीत. तिथे फसवल्या गेलेल्या माणसाचा कागद वाचायला आपल्या राज्यात किती जण तयार होत आहेत, हे एकदा आपल्या विभागाकडून मागवून घ्या.

मला तेच काम करायचे होते. एम.ए. अरबी करून दुभाषी व्हायचे होते. त्या प्रवेशासाठी बऱ्याच ठिकाणी पदवीला अरबी असल्याची नोंद मागतात. आता माझ्या पदवीवर ती नोंद येणार नाही. भाषा डोक्यात आहे, कागदावर नाही, आणि या राज्यात कागदच शिकलेला मानला जातो.

दोष एका कारकुनाचा नाही, एका विद्यापीठाचाही नाही. राज्यात प्राध्यापकांच्या हजारो जागा रिकाम्या ठेवायच्या, भाषा विभागातले शेवटचे सर निवृत्त झाले की जागा भरायची नाही, वर्ग तासिकेवर चालवायचे, मग मंडळ बनवायला माणसे नाहीत म्हणायचे, आणि त्या पोकळीवर पोर्टल बांधून त्याला सुधारणा म्हणायचे. आज अरबी आहे, उद्या पाली असेल, फारसी असेल, कन्नड असेल. लहान विभागातला विद्यार्थी बदली झाली म्हणून, लग्न झाले म्हणून, वडील गेले म्हणून विद्यापीठ बदलतो तेव्हा त्याचे शिकणे त्याच्याबरोबर येत नाही. मुलींना हे जास्त भोगावे लागते, कारण घर हलले की आधी आम्ही हलतो. किती मुलींनी अशा वेळी शिक्षण सोडले, याची मोजणी तुमच्या कोणत्या पोर्टलवर होते?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. राज्यातल्या सर्व विद्यापीठांसाठी अरबीच्या जाणकारांचे एक सामाईक मंडळ नेमा, ज्यात तासिका तत्त्वावरचे शिक्षकही असतील. श्रेयांक नाकारण्याआधी विद्यार्थ्याची पातळी चाचणी सक्तीची करा, आणि नकार दिलाच तर लेखी कारणांसह, अपिलाच्या मुदतीसह द्या. मायनरमध्ये बसत नसतील तर निदान खुल्या ऐच्छिक विषयाखाली ते श्रेयांक धरा, म्हणजे वर्ष वाचेल. यासाठी कायदा बदलायला नको, नवीन इमारत नको, नवीन ॲप तर अजिबात नको.

आणि माझ्यापुरते सांगायचे तर, माझी परीक्षा घ्या. लेखी घ्या, तोंडी घ्या, बाहेरचा परीक्षक बोलवा. मी नापास झाले तर प्राथमिक वर्गात बसेन, तक्रार करणार नाही. पाचव्या सत्राचा परीक्षा अर्ज भरण्याची मुदत या महिनाअखेर संपते आहे. त्याआधी आपल्या कार्यालयाकडून लेखी उत्तर हवे आहे.

आपली,
तृतीय वर्ष कला शाखेची एक विद्यार्थिनी